आजारी लेकराच्या उशाशी

(विहाराच्या वर्धापनदिनी एका सेवानिवृत्त परिचारिकेने उपासक-उपासिकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

समितीने मला विषय दिला तो 'आरोग्य'. पाणी उकळून प्या, लसी वेळेवर टोचून घ्या, हे मी तीस वर्षे दवाखान्यात सांगत आले. तेच आजही सांगितलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण आज मी ज्या लेकरांचा आजार बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्या लेकरांविषयी आणि त्यांच्या आईबापांविषयी बोलणार आहे. वर्धापनदिनाच्या आनंदात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. त्याचे कारण आधी सांगते.

आपल्याच वस्तीतली गोष्ट आहे. त्या माउलीला विचारूनच सांगते आणि नाव घेत नाही. त्यांचा मुलगा आपल्या विहारातल्या बालसंस्कार वर्गाला यायचा. त्रिशरण-पंचशील इतकं स्पष्ट म्हणायचा की मोठ्यांनी त्याच्याकडून शिकावं. पुढे त्याचे पाय कमजोर होत गेले. त्याला स्नायू झिजण्याचा आजार होता. डॉक्टर त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात. अकराव्या वर्षी त्याचं चालणं बंद झालं. काही दिवस बाप त्याला खांद्यावर घेऊन पौर्णिमेला विहारात आणायचा. मग पोरगं जड झालं, बापाची कंबर गेली, आणि येणं थांबलं. सुरुवातीला आपण विचारायचो, 'पोरगा कसा आहे?' मग विचारणंही थांबलं. सतराव्या वर्षी तो गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मात्र अख्खी वस्ती लोटली. मंडप भरला, पंगती उठल्या, भाषणं झाली. सगळं आटोपल्यावर ती माउली मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आज एवढी माणसं आली. यातली दोन माणसं महिन्यातून एकदा आली असती, तर सहा वर्षांत मी एखादी रात्र तरी पूर्ण झोपले असते."

बंधू-भगिनींनो, मी बालरुग्ण विभागात नोकरी केलेली बाई. त्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे राहणारी. मीसुद्धा गेले नव्हते. ड्यूटीवरून थकून येते, घरीही तेच कशाला, असं मनाला सांगत राहिले. म्हणून आज हा विषय घेतला. हे भाषण पहिल्यांदा मी मलाच देते आहे.

हे आजार कोणते?

अशी लेकरं चार प्रकारची असतात, असे या विषयातले जाणकार सांगतात. पहिला प्रकार, ज्यांचा आजार बरा होऊ शकतो पण उपचार कधी कधी अपुरे पडतात. उदाहरणार्थ कर्करोग. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लहान मुलांचे पुष्कळ कर्करोग, विशेषतः रक्ताचा एक नेहमी आढळणारा प्रकार, वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले तर बरे होतात. तेव्हा 'कॅन्सर' हा शब्द ऐकून मुलाला घरी आणून बसवू नका. दुसरा प्रकार, ज्यात उपचाराने आयुष्य वाढते, चांगले जाते, पण आजार मुळातून जात नाही. आता सांगितलेला स्नायूंचा आजार त्यातला. तिसरा प्रकार, जन्मतःच असलेले काही दुर्मिळ आजार, जे वाढतच जातात आणि ज्यांवर मुळावरचा उपचार बहुधा नसतो. आणि चौथा, मेंदूला इजा झालेली मुले, म्हणजे तीव्र सेरेब्रल पाल्सीसारखी. त्यांचा मूळ आजार वाढत नाही, पण गिळता न येणे, फिट्स, वारंवार न्यूमोनिया यांमुळे जीव नाजूक राहतो.

आपल्या विदर्भातल्या घरांना सिकलसेल काही नवा नाही. नागपूर भागात आपल्या समाजात हा आजार असल्याचे डॉक्टरांनी १९५८ सालीच नोंदवले आहे. आज हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे आहेत, योग्य उपचार घेणारी मुले मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात. म्हणून मी सिकलसेलला या लेकरांच्या रांगेत सरसकट बसवत नाही. पण वेदना म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल त्याने सिकलसेलच्या मुलाकडून शिकावं. दुखण्याचा झटका येतो तेव्हा हाडं आतून फुटल्यासारखी वाटतात. आणि आपण काय म्हणतो? 'शाळा बुडवायची आहे म्हणून नाटक करते.' मी नर्सेसना हे बोलताना ऐकलंय, आणि घरच्यांनाही.

उपशामक सेवा म्हणजे काय?

इंग्रजीतल्या पॅलिएटिव्ह केअरला मराठीत उपशामक किंवा परिहार सेवा म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर, आजार हटत नसेल तरी त्रास हटवायचा. दुखणे, धाप लागणे, उलट्या, झोप न लागणे, भीती, आईबापाची ओढाताण, पैशाची चणचण या सगळ्याकडे एकत्र बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली मुलांसाठी याची वेगळी व्याख्या केली. तिचा गाभा असा, की ही सेवा आजार कळल्या दिवसापासून सुरू व्हावी आणि मूळ उपचार चालू असतानाही चालू राहावी. म्हणजे 'आता काही उरलं नाही' असं म्हणून हात झटकण्याचं हे नाव नाही. आपल्याकडे गैरसमज नेमका इथेच होतो.

या कामाचा थोडा इतिहास सांगते. डॉ. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस सुरू केले. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. माणसाची वेदना नुसती शरीराची नसते. मनाची, घराची आणि जगण्याच्या अर्थाचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं. मुलांसाठी पहिले हॉस्पिस १९८२ साली इंग्लंडमध्येच ऑक्सफर्डला निघाले. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका नावाच्या एका जोगिणीची ओळख हेलन नावाच्या चिमुरडीच्या घराशी झाली. मेंदूतल्या गाठीमुळे ती मुलगी पूर्ण परावलंबी झाली होती. आईबाप तिला घरीच सांभाळत. सिस्टर त्यांना म्हणाल्या, अधूनमधून थोडे दिवस तिला माझ्याकडे ठेवा, तुम्ही विसावा घ्या. त्यातूनच 'हेलन हाऊस' उभे राहिले. जगातले मुलांचे पहिले हॉस्पिस दमलेल्या आईबापाला चार दिवस झोप मिळावी म्हणून सुरू झाले, हे विसरू नका. आपली ती माउली मला हेच तर म्हणाली होती!

आपल्या देशात पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. केरळात १९९३ पासून कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम लोकांच्या हातात दिलं. शेजारीपाजारी शिकून घेतात आणि घरोघर जाऊन रुग्ण बघतात. मुलांसाठी महाराष्ट्रात २०१० साली एक प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईचे शीव रुग्णालय होते, तसे आदिवासी भागातले जव्हारही होते. परळच्या टाटा रुग्णालयाचा या कामात मोठा हात आहे.

वेदना सहन करण्यात पुण्य नाही

वॉर्डातली एक आठवण सांगते. हाडाच्या कर्करोगाची नऊ वर्षांची पोर होती. रात्रभर कण्हायची. बाप मला म्हणाला, "सिस्टर, ते मॉर्फिन देऊ नका, पोरीला सवय लागेल." मी त्यांना म्हटलं, "दादा, सवय लागायची भीती वाटते, पण तिला आज रात्र काढता येत नाही त्याचं काय?" डॉक्टरांनी समजावलं. तोंडाने घ्यायचे औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पोर उठून बसली आणि तिने पाटी-पेन्सिल मागितली.

दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. ते घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखणं शिगेला जाण्याची वाट बघायची नाही. त्याने शौचाला कडक होते, म्हणून सोबत पोट साफ राहण्याचे औषध लागते. मनाने मात्रा वाढवायची नाही, मनाने बंदही करायची नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना वाट मोकळी झाली. तरीही सगळीकडे मिळत नाही, विचारावं लागतं. विचारायला लाजू नका.

जे लेकरू बोलू शकत नाही, त्याची वेदना ओळखायची कशी? चेहरा बघा, कपाळाला आठ्या आहेत का. पाय पोटाशी ओढते का. अंग ताठ करते का. रडणं कशाने थांबत नाही का. जवळ घेतल्यावर शांत होते का. आई हे डॉक्टरांच्या आधी ओळखते. तेव्हा आईनेही 'मला काय कळतंय' म्हणू नये. तुमचं ऐकून घेणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे.

घरच्या सेवेतल्या चार गोष्टी सांगते. पडून असलेल्या मुलाची कूस दर दोन तासांनी बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. गिळायला त्रास असेल तर झोपवून भरवू नका; बसतं करून, थोडं थोडं, घट्टसर भरवा. तोंड ओल्या स्वच्छ कपड्याने पुसत जा. आणि शेवटच्या दिवसांत भूक मेली तर घास बळेच कोंबू नका. जेवत नाही म्हणून ते जात नसतं. जाण्याची वेळ आल्यामुळे शरीर जेवण मागत नसतं. हे आईला प्रेमाने सांगणारं माणूस जवळ हवं.

मुलाला सांगायचं की नाही?

आपण सगळे लपवतो. डोळे पुसून हसत वॉर्डात शिरतो. पण मुलाला कळतं. अमेरिकेतल्या मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या संशोधिकेने १९७८ साली रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर पुस्तक लिहिलं. कुणीही न सांगता ती मुलं आपल्या आजाराविषयी सगळं ओळखून होती. पण आईबापाला त्रास नको म्हणून आपल्याला काही माहीत नसल्याचं दाखवत होती. आईबाप मुलाला जपतात आणि मूल आईबापाला जपतं, आणि दोघंही एकटी पडतात.

स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या आईबापांना एक प्रश्न विचारला गेला. त्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या १४७ पालकांनी मुलाशी मृत्यूविषयी बोलणं केलं होतं, त्यांतल्या एकालाही त्याचा पश्चात्ताप झाला नाही. जे बोलले नव्हते त्यांतले सव्वीस-सत्तावीस टक्के म्हणाले, बोलायला हवं होतं. म्हणून मी असं म्हणत नाही की मुलाला बसवून सारं ऐकवा. मूल विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर द्या. 'मी बरी होईन ना?' असं विचारलं तर 'तुला काय वाटतं?' असं विचारून बघा. आणि 'मी तुला सोडून कुठे जाणार नाही' हे तर कुठलीही आई खरं बोलू शकते.

पूर्वजन्माचं पाप?

आता आपल्या घरातली गोष्ट बोलते. दीक्षा घेऊन इतकी वर्षे झाली, तरी अशा घरात जाऊन माणसं बोलतात, 'मागच्या जन्माचं काही असेल.' कुणी आईला दोष देतात, तिच्या रक्तातून आलं म्हणतात. स्नायूंच्या त्या आजारात बऱ्याच वेळा दोष आईकडून येतो हे खरं, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच झालेला असतो. आणि आईकडून आला तरी तिने काय तो बाजारातून आणला? डोळ्यांचा रंग येतो तसा तो येतो. यात पाप नाही, शाप नाही, करणी नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्माचं दुःख ठरतं ही कल्पना नाकारली आहे. ज्या कल्पनेने आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवलं, तीच कल्पना आपण आजारी लेकराच्या उशाशी घेऊन जायची का? आणि बाबासाहेबांना हे दुःख पुस्तकातून कळलेलं नव्हतं. बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर मित्राला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपलं दुःख लपवलं नाही. एवढा मोठा माणूस रडला, तर आपल्या गल्लीतल्या बापाला 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय' असं म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

किसा गोतमीची कथा तुम्हा सर्वांना पाठ आहे. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण, असं तथागतांनी तिला सांगितलं. आपण या कथेचा अर्थ सांगतो, सगळेच मरतात, तेव्हा रडू नये. मला वॉर्डात तीस वर्षे काढल्यावर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तथागतांनी तिला उपदेश करून गप्प केलं नाही. त्यांनी तिला शेजाऱ्यांच्या दारात पाठवलं. आणि श्रावस्तीच्या प्रत्येक घराने दार उघडलं, तिला आपलं दुःख सांगितलं. एकाही घराने 'मेलेलं मूल घेऊन आमच्या दारात नको' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. किसा गोतमीला तिचे शेजारी भेटले, तेव्हा ती सावरली.

दुसरी कथा आजारी भिक्खूची. त्याला अतिसार झाला होता, स्वतःच्या घाणीत पडून होता. तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला बजावलं, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात तथागतांच्या या रुग्णसेवेला जागा दिली आहे. आपण विहारात मूर्तीपुढे फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो, चांगलंच आहे. पण दोन गल्ल्यांपलीकडे ती खाट आहे.

घर कशाने मोडतं?

आजारी लेकराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्याच्या भावंडांकडे कुणाचं नसतं. एका मुलीने मला विचारलं होतं, "सिस्टर, मी पण आजारी पडले तर आई माझ्याजवळ बसेल का?" अशा मुलांना वाटतं, आपण भांडलो म्हणून भाऊ आजारी पडला. त्यांना सांगावं लागतं, तुझ्यामुळे काही झालं नाही. बाप मजुरी सोडून दवाखान्यात बसला की चूल थंडावते. मजुरीवर गेला की बोल ऐकावे लागतात.

काही सोयी आहेत, त्या माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्या. सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, स्वमग्नता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना एक लाखापर्यंत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. टाटाला न्यायचं झालं तर रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत असते. उतरायला दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि कर्करोगाच्या मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड संस्थेची घरे आहेत. कागदपत्रांची धावपळ आईबापाने करायची की आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनी, एवढाच प्रश्न आहे.

माझी मागणी

समितीकडे पैसे मागायला मी आलेली नाही. माझं मागणं वेळेचं आहे. वस्तीत आज अशी तीन घरं मला माहीत आहेत. प्रत्येक घरासाठी पाच कुटुंबांनी नाव द्यावं. आठवड्यातून एका कुटुंबाने दोन तास त्या घरी जायचं. आईने तेवढ्यात झोपावं, आंघोळ करावी, नाहीतर नुसतं दारात बसावं. मुलाजवळ कसं बसायचं, कूस कशी वळवायची, भरवायचं कसं, हे मी शिकवीन. तरुणांपैकी दोघांनी कागदपत्रांचं काम घ्यावं. बालसंस्कार वर्गातल्या मुलांनी महिन्यातून एक वर्ग त्या मुलाच्या घरी भरवावा. आणि पौर्णिमेला त्याला उचलून आणायला चार तरणे खांदे लागतात, ते आपल्याकडे आहेत. १४ एप्रिलला मिरवणुकीत नाचतात ना, तेच!

तिथे गेल्यावर काय बोलायचं, ही सगळ्यांची अडचण असते. माझीही होती. काही बोलू नका. 'धीर धरा' म्हणू नका, त्यांनी तो केव्हाच धरलाय. पोराचं नाव घ्या, त्याच्याशी बोला. आणि मूल गेल्यावरही जा. तेराव्या दिवशी नव्हे, तर सहाव्या महिन्यात, त्याच्या वाढदिवसाला. आईला तिच्या लेकराचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं.

मी परवा त्या माउलीकडे गेले होते. मुलाची चाकाची खुर्ची अजून कोपऱ्यात आहे. म्हणाल्या, "ताई, वस्तीतल्या कुठल्या पोराला लागत असेल तर घेऊन जा." मी विचारलं, "तुम्ही येता का माझ्यासोबत, ज्या घरी ती द्यायची त्या घरी?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "येते."

पहिलं नाव त्यांचं लिहिलं आहे, दुसरं माझं. वही बाहेर चपलांच्या जागेशेजारी टेबलावर ठेवली आहे. जाताना तिथे थांबा.

नमो बुद्धाय! जयभीम!